जुन्या जीपचे ड्रम ब्रेक एका बाजूला ओढतात: कॅम फिरवण्याआधी काय काय तपासावं?

चढउतार
गाडी विलीज घराण्यातली जुनी जीप. चारही चाकांना ९ इंची ड्रम, एकच सर्किट, बूस्टर नाही. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. लागोपाठ दुसऱ्यांदा दाबला तर ओढ बरीच कमी होते. पेडल घट्ट आहे, पोकळ लागत नाही. चारही टायर एकाच मापाचे, पुढच्या दोन्हींत हवा सारखी. पुढच्या लायनरची (ड्रमला आतून दाबणाऱ्या अर्धगोल शूवरच्या घर्षणपट्टीची) जाडी दोन्हीकडे ४ मिमीच्या आसपास. बॅकप्लेटवरचे (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावरचे) कॅम, जे शू आणि ड्रममधली फट ठरवतात, ते दोनदा सेट करून झाले, दोन दिवस फरक वाटतो आणि ओढ परत येते.

माझं मत असं की कॅम ही सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे, पण बहुतेक ठिकाणी कामाची सुरुवातच तिथून होते. तर कोणत्या क्रमाने तपासावं? ज्यांनी हे ड्रम उघडून बसवलेत त्यांनी मापांसकट लिहावं.

नटबोल्ट
दुसऱ्यांदा दाबल्यावर सुधारतं म्हणजे हवा आहे. उजव्या पुढच्या चाकाच्या लाइनमध्ये हवा अडकली असणार. ब्लीडिंग करा, म्हणजे लाइनमधली हवा काढा.

लोखंडकाम
नटबोल्ट, इथे हवेचा संशय बसत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

मास्टर सिलिंडरमधून निघालेला दाब एकाच सर्किटमध्ये सगळीकडे सारखा असतो. उजव्या लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असला तर तो दाबला जाईपर्यंत पेडल खाली जाईल, स्पंजसारखं लागेल. पण बुडबुडा दाबला गेल्यावर उजव्या चाकाला जेवढा दाब तेवढाच डाव्याला. हवेमुळे पेडल बिघडतं, दिशा बिघडत नाही. धागाकर्त्याने पेडल घट्ट असल्याचं लिहिलंय, म्हणजे हवा जवळजवळ बादच.

दिशा बिघडायला डाव्या-उजव्यात पुढीलपैकी कशाचा तरी फरक लागतो: ब्रेक ऑइल एका बाजूला उशिरा किंवा कमी पोचणं, व्हील सिलिंडरचा (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरचा) बोअर म्हणजे आतला व्यास, पिस्टन जाम होणं, लायनरचं घर्षण, लायनर आणि ड्रमची गोलाई, ड्रमचा व्यास. किंवा ब्रेक दोन्हीकडे बरोबर लागतोय, पण स्टिअरिंग आणि पाटे (लीफ स्प्रिंग) गाडीला वळवतायत.

ड्रम ब्रेकमध्ये हा फरक डिस्कपेक्षा जास्त का जाणवतो तेही सांगतो. ड्रम फिरतो त्या दिशेने जो शू ओढला जातो तो स्वतःच ड्रममध्ये आणखी रुतत जातो. जीपच्या ९ इंची ब्रेकमध्ये पुढच्या अंगाचा शू हा असा, आणि एकूण ब्रेकिंगचा मोठा वाटा तोच उचलतो. म्हणून त्याला लायनरही लांब असतो. हा रुतण्याचा गुण घर्षणावर उभा आहे. त्यामुळे घर्षण थोडं बदललं की पकड त्याहून बरीच जास्त बदलते. डाव्या लायनरवर पुसटसा ग्रीसचा हात लागला तरी स्टिअरिंगला कळतं.

चौथागिअर
चाचणी टू-व्हीलमध्येच घ्या. फोर-व्हील लागलेली असताना ट्रान्सफर केस पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकत्र बांधते, ब्रेकचा खरा अंदाज येत नाही. पुढे फ्री हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर तेही मोकळे ठेवा.

ग्रीसगन
ड्रम उघडण्याआधी दोन गोष्टी, कारण या गाड्यांची रचना नेहमीच्या गाडीसारखी नाही.

पहिली. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक कितीही कसलेला असू दे, डिफरन्शियलमधून उचललेलं चाक उलट फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. गाडी जॅकवरून घसरते. म्हणून उचलायच्या आधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि उचलल्यावर अ‍ॅक्सलखाली घोडी (स्टँड). नुसत्या जॅकवर हात आत घालू नका.

दुसरी. जुन्या जीपना डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडला उलटे आटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर नट सुटतो. बऱ्याच स्टडच्या किंवा नटच्या तोंडावर एल कोरलेला असतो. तो न बघता पान्याला पाइप लावला की स्टड तुटतो.

आणि ज्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलला निमुळता शाफ्ट आणि चावी आहे त्यांनी मागचा हब हातोडीने ठोकून काढू नये. पुलर लागतो. ठोकण्याने डिफरन्शियलच्या आतल्या भागांना आणि बेअरिंगला मार बसतो.

पाटेवाला
ब्रेक उघडण्याआधी गाडीखाली झोपून दहा मिनिटं द्या. ब्रेक लागताना पुढचा अ‍ॅक्सल पाट्यांवर पुढे पिळला जातो. तो किती पिळला जातो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा) त्या वेळी कुठे ओढली जाते, यावर गाडी वळते.

यू-बोल्टचे नट सैल आहेत का, पाट्याचा मधला बोल्ट तुटलाय का, शॅकलच्या बुशात खेळ आहे का, एका बाजूचं पान मोडलंय का हे बघा. कोणालातरी ब्रेक दाबून गाडी हाताने पुढे-मागे हलवायला सांगा आणि अ‍ॅक्सलकडे बघत राहा. एक बाजू सरकत असेल तर ड्रममध्ये शोधून काही मिळणार नाही. तशीच बेलक्रँकची, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणाऱ्या तरफेची पिन. ती झिजली की स्टिअरिंग धरलेलं असूनही चाकं स्वतःहून वळतात. किंगपिनच्या (चाक जिच्यावर वळतं त्या पिनच्या) बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे मूळचा घट्टपणा, गेला असेल तरी तेच.

विलीज एमबीच्या काळातही हा प्रश्न होताच. त्या गाडीला डाव्या पुढच्या पाट्याखाली एक जादा टॉर्क रिअ‍ॅक्शन स्प्रिंग दिलेली असायची, ती ब्रेक लावताना डाव्या बाजूचा पिळ आवरण्यासाठीच. पाटे बदलताना ती काढून ठेवलेल्या गाड्या दिसतात. एमबी असेल तर ती जागेवर आहे का बघा.

नटबोल्ट
हवेबद्दल पटलं. मग एक विचारतो. डावीकडे ओढते तर डाव्याचा कॅम थोडा सैल आणि उजव्याचा थोडा घट्ट केला तर तोल साधणार नाही का? अनेक ठिकाणी असंच करतात.

लोखंडकाम
करतात, आणि त्यामुळेच दोन दिवसांनी ओढ परत येते. कॅम फट ठरवतो, जोर ठरवत नाही.

डावा सैल केला की डाव्या शूला ड्रमपर्यंत जायला जास्त अंतर पडतं. पेडल थोडं जास्त खाली जाईल. पण दोन्हीकडचे शू टेकले की दाब तोच, जोर तोच. घट्ट केलेला उजवा शू मात्र ड्रमला घासत राहतो, तापतो, ती बाजू आधीच धरल्यासारखी राहते आणि गाडी सरळ थांबल्यासारखी वाटते. तेवढा लायनर झिजला की घासणं संपतं आणि खोड परत येते. कॅमने ओढ झाकता येते, काढता येत नाही.

धूळपाटी
+१. हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावं.

मापपट्टी
आता उघडल्यावर काय मोजायचं ते. पुढच्या दोन्ही बाजू एकाच वेळी उघडा आणि शेजारी शेजारी ठेवून तुलना करा. एक बाजू उघडून बसवून मग दुसरी, असं केलं की फरक नजरेतून सुटतो.

व्हील सिलिंडरपासून सुरुवात करा. बोअरचं माप बहुधा सिलिंडरच्या अंगावरच ओतलेलं असतं. जीपमध्ये पुढे मोठा आणि मागे लहान बोअर असतो. कधीतरी सिलिंडर बदलताना मागचा पुढे बसवला गेलेला असतो किंवा एका बाजूला वेगळ्याच मॉडेलचा असतो, आणि बोल्टची भोकं जुळली म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. १ इंच बोअरचं क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस मिमी, ७/८ इंचाचं सुमारे ३८८. म्हणजे त्याच दाबाला एका बाजूचा शू ३० टक्के जास्त जोराने दाबला जातो. हे कुठल्याही कॅमने निघत नाही.

रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर पिस्टनचा रबरी कप गळतोय. पिस्टन दोन्ही बोटांनी दाबून सरकतो का बघा. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर होन मारून (आतून घासून) नव्या रबरांचं किट टाकण्यात अर्थ नाही, खड्डा जाईपर्यंत घासलं की बोअर मोठा होतो आणि कप धरत नाही. सिलिंडर बदला, आणि बदलायचे तर दोन्हीकडचे.

मग ड्रम. ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी. आत व्हर्नियर नीट बसत नाही, ड्रम मायक्रोमीटर किंवा आतला कॅलिपर घ्या. एकमेकांना काटकोनात निदान चार जागी मोजा. ०.१५ मिमीच्या वर फरक म्हणजे ड्रम गोल नाही, पेडल पायाखाली धडधडेल. लेथवर मारायचा तर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला मारा, दोघांत ०.२५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. मूळ मापापेक्षा व्यास १.५ मिमी वाढला की तिथे थांबायचं, म्हणजे २३०.१ मिमी. त्यापुढे भिंत पातळ होते, ड्रम दाबाने फाकतो आणि लवकर तापतो.

लेथवरून आलेल्या ड्रमला जुन्या गोलाईचा शू बसत नाही. ड्रमच्या आत खडू फासा, शू हाताने धरून दोन इंच पुढे-मागे सरकवा. खडू लायनरच्या मध्यावर आधी लागायला हवा. दोन टोकांनाच लागला तर तो शू कच्चकन पकडेल आणि ओरडेल. टोकं घासून गोलाई जुळवा.

शेवटी बॅकप्लेट. शूची कड जिथे टेकून सरकते तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाच पडते. शू त्या खाचेत अडकतो, कधी सरकतो कधी नाही. खाच वेल्डने भरून घासून सपाट करा आणि उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पुसटसं लावा. हे कोणी बघतच नाही.

मंदउतार
रिटर्न स्प्रिंगही शेजारी ठेवून बघा. तापून निळसर झालेली, वेटोळ्यांत फट पडलेली स्प्रिंग शू मागे ओढत नाही. चारही बदला.

नटबोल्ट
लायनरवर तेल आलं असेल तर पेट्रोलने धुऊन जाळून घेतात. ते चालतं का?

ग्रीसगन
नाही. लायनर सच्छिद्र असतो, तेल खोलवर मुरतं. जाळलं की वरचं तेल जातं, आणि त्याचबरोबर लायनर धरून ठेवणारं रेझिन आणि चिकटवलेला असेल तर त्याचा गोंदही कमकुवत होतो. पुढे तापल्यावर आतलं तेल परत वर येतं. तेल लागलेला लायनर टाकायचा, आणि एका बाजूचा टाकला तर दुसऱ्या बाजूचाही. एकाच अ‍ॅक्सलवर डावीकडे नवा, उजवीकडे जुना, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे लायनर असले की ओढ ठरलेली.

तेल आलं कुठून हे आधी बघा. वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. पुढे घट्ट काळपट ग्रीस असेल तर हबचं सील. पाण्यासारखं पातळ आणि बॅकप्लेटचा रंग उकललेला असेल तर व्हील सिलिंडर. सील न बदलता लायनर बदलणं म्हणजे काम दोनदा करणं.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रमची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. पाण्यात साबण घालून ओली करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. चांगला मास्क घाला. कापडी रुमाल या धुळीला पुरत नाही.

लँडीप्रेमी
जरा बाजूला जातो. लँड रोव्हर सीरिजच्या लांब व्हीलबेसवाल्या ११ इंची पुढच्या ड्रमला प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात, दोन्ही शू पुढे जाताना रुतणारे. तिथे डावे-उजवे सिलिंडर अदलाबदल होऊन बसले की दोन्ही शू उलटे पडतात. गाडी पुढे जाताना ब्रेक जवळजवळ लागत नाही आणि रिव्हर्समध्ये सणसणीत लागतो. एकाच बाजूला चूक झाली तर भयंकर ओढ. रिव्हर्समध्ये ब्रेक पुढच्यापेक्षा जोरात लागतोय असं दिसलं तर हाच संशय घ्या.

त्यांचा कॅम गोगलगायीच्या आकाराचा, कडेला दाते असलेला असतो. दाते झिजले की शूची पिन एका दातावरून घसरते आणि ती बाजू सैल पडते. जीपमध्ये ही भानगड नाही.

चौथागिअर
एवढं सगळं करण्यापेक्षा पुढे डिस्क बसवून टाका. प्रश्न संपला.

लोखंडकाम
डिस्क बसवण्यात गैर काही नाही, पण तिला दाब जास्त लागतो. बूस्टर नसलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरचा बोअर, पेडलचं गुणोत्तर आणि मागच्या ड्रमशी तोल हे सगळं परत मांडावं लागतं. नाहीतर पायाने लाथ मारावी लागते. शिवाय बेलक्रँक आणि पाटे सैल असतील तर डिस्क लावूनही गाडी ओढणारच. नीट बसवलेला ९ इंची ड्रम कोरड्या रस्त्यावर चाक लॉक करतो. लांब उतारावर तो कमी पडतो, पण धाग्याचा विषय तो नाही.

मंदउतार
उताराचं निघालंच आहे तर आकडा देतो. बिडाचा ड्रम २०० अंश सेल्सिअसने तापला तर २२८.६ मिमी व्यास जवळजवळ ०.५ मिमीने फुगतो. म्हणजे शू आणि ड्रममधली फट प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरने वाढते, जी मुळातल्या सेटिंगपेक्षाही जास्त आहे. म्हणून गरम ब्रेकला पेडल खाली जातं. गरम असताना कॅम घट्ट करू नका. ड्रम गार झाला की आकसतो आणि शू जाम धरतो.

मापपट्टी
आता सेटिंगचं लिहितो. कॅम वरच्या टोकाचं काम करतो, पण नवा लायनर बसवल्यावर खालच्या अँकर पिन सेट न करता नुसते कॅम फिरवणं अपुरं आहे.

प्रत्येक शूला खाली एक विकेंद्री पिन असते, बॅकप्लेटच्या मागून तिचा लॉक नट. नट अर्धवट सैल करा, पिन फिरवा की शूची टाच आत-बाहेर होते. ड्रमला मोजायची खिडकी असेल तर फीलर गेज घाला: टाचेजवळ म्हणजे खाली ०.००५ इंच, वरच्या टोकाजवळ ०.००८ इंच. मिलिमीटरमध्ये ०.१३ आणि ०.२०. खाली पिनने, वर कॅमने, आणि एक बदललं की दुसरं परत मोजायचं. दोन-तीन फेऱ्या लागतात. लॉक नट आवळताना पिन पान्याने धरून ठेवा. नट आवळताना ती फिरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ड्रमला खिडकी नसेल तर त्याच व्यासाचा एक भंगार ड्रम घेऊन त्याला समोर दोन खिडक्या कापा. सेटिंग त्याच्यावर करायचं आणि मग खरा ड्रम चढवायचा. भंगार ड्रमचा व्यास खऱ्याएवढा आहे ना, हे मात्र मोजून घ्या.

त्यानंतरचं रोजचं सेटिंग नुसत्या कॅमने. आधी पेडल दोन-तीनदा दाबा म्हणजे शू मध्यावर येतात. पुढच्या शूसाठी चाक पुढच्या दिशेने फिरवत कॅम आवळा, घासायला लागलं की घासणं जेमतेम थांबेपर्यंत सोडा. मागच्या शूसाठी चाक उलट दिशेने फिरवा. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर या सगळ्याला अर्थ नाही, आधी बेअरिंग.

पाटेवाला
आणि पेडलची मोकळी चाल. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला दांडा टेकण्याआधी पेडल साधारण अर्धा इंच मोकळं फिरलं पाहिजे. ते नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि चारही चाकं हळूहळू धरत जातात.

सरळरेषा
चढउतार, एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. ब्रेक सोडल्यावर गाडी काय करते? आणि पाच-सहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवल्यावर चारही ड्रमचं तापमान किती? इन्फ्रारेड तापमापक असेल तर उत्तम. नसेल तर ड्रमजवळ हात नेऊन अंदाज घ्या, टेकवू नका.

चढउतार
सगळ्यांचे आभार. पाटेवाल्यांनी सांगितलेलं सगळं आणि मापपट्टींची मापं घेतली.

यू-बोल्ट, शॅकल, बेलक्रँक ठीक. पुढचे दोन्ही व्हील सिलिंडर १ इंची, कोरडे, पिस्टन मोकळे. ड्रम डावा २२९.१, उजवा २२९.२, गोलाईत फरक ०.०५ च्या आत. लायनर दोन्हीकडे एकाच जातीचे. उजवीकडचा लायनर काचेसारखा चकाकतोय, डावीकडचा मळकट करडा.

तापमान: मागचे दोन्ही ४१, पुढचा डावा ४४, पुढचा उजवा ९३ अंश.

सरळरेषा, ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-तीन सेकंद उजवीकडे जाते, मग सरळ होते. रस्त्याचा उतार समजून सोडून दिलं होतं.

सरळरेषा
मग उत्तर बहुतेक तिथेच आहे. उजव्या पुढच्या चाकाची रबरी नळी.

या नळीला आतून रबराचा एक थर असतो. जुनी झाली, कधी पक्कडने दाबून धरली गेली किंवा चुकीच्या तेलाने फुगली की तो थर सुटून आतलं भोक अरुंद होतं. बाहेरून नळी ठणठणीत दिसते. ब्रेक दाबताना उजव्या सिलिंडरला ऑइल उशिरा पोचतं, म्हणून गाडी डावीकडे ओढते. सोडल्यावर ऑइल तितक्याच अडचणीने परत येतं, उजवा शू धरून राहतो, गाडी उजवीकडे जाते. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर उजवीकडे आधीचाच दाब शिल्लक असतो, म्हणून ओढ कमी. जे लक्षण पाहून हवेचा संशय आला ते हेच. आणि सतत घासून उजवा लायनर तापून चकाकला.

खात्री अशी करा. उजवं पुढचं चाक उचला, घोडी लावा. एकाने पेडल जोरात दाबून सोडावं, दुसऱ्याने लगेच चाक फिरवावं. जड असेल तर व्हील सिलिंडरचा ब्लीडर निपल पाव फेरा उघडा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, दोष स्प्रिंगचा किंवा शूचा नाही. निपल बंद करा, परत दाबून सोडा, आणि लगेच नळीच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी पाइप जोडलाय, तो जोड सैल करा. तिथे सैल करून चाक सुटलं तर अडथळा मास्टरच्या बाजूला. तिथे सैल करूनही चाक धरलेलंच राहिलं तर अडथळा नळीत.

नटबोल्ट
मागे असं झालं तर दोन्ही चाकं धरतील ना?

सरळरेषा
बरोबर. मागे चॅसीपासून अ‍ॅक्सलपर्यंत एकच नळी असते, तिथून पुढे लोखंडी पाइप दोन्हीकडे फुटतो. ती नळी बुजली तर दोन्ही मागची चाकं सारखीच तापतात, ओढ येत नाही. पुढे चाकं वळतात म्हणून प्रत्येक बाजूला वेगळी नळी, आणि म्हणूनच पुढच्या नळीचा दोष दिशेत दिसतो.

चढउतार
चाचणी झाली. निपल उघडल्यावर चाक सुटलं. नळीचा वरचा जोड सैल केल्यावर सुटलं नाही. उजवी नळी काढून तोंडाने फुंकली तर हवा जेमतेम गेली. डावीतून सहज जाते.

मापपट्टी
छान. आता दोन्ही पुढच्या नळ्या बदला, आणि चॅसीवरून अ‍ॅक्सलवर येणारी पुढची आणि मागची नळीही त्याच वयाची असेल तर तीही.

बसवताना आधी व्हील सिलिंडरकडचं टोक आवळा, तांब्याचा वॉशर नवा घालून. मग दुसरं टोक ब्रॅकेटमध्ये. दुसरं टोक आवळताना नळीला पीळ पडतो, म्हणून नळीचा षटकोन एका पान्याने धरून दुसऱ्या पान्याने पाइपचा नट फिरवा. नळीवर लांबीच्या दिशेने रेघ छापलेली असेल तर ती सरळ राहिली पाहिजे. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून नळी टायरला किंवा पाट्याला लागत नाही ना बघा.

लोखंडी पाइपच्या नटाला साधा पाना लावू नका, कोपरे झिजतात. फ्लेअर नटचा फटीवाला पाना घ्या.

ग्रीसगन
ब्रेक ऑइलही सगळं बदला. आधीचं काढल्यावर तळाशी काळे कण दिसले तर ते रबराचे आहेत, मास्टरचे कपही बघावे लागतील. डॉट ३ किंवा डॉट ४ पैकी एक ठेवा. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो, म्हणून जुनं ऑइल उतारावर धोका देतं. सिलिकॉनवालं डॉट ५ यात मिसळू नका. आणि ब्रेक ऑइलच्या बाटलीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, त्याने सगळी रबरं फुगतात.

हवा काढताना मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरू करा आणि त्या वेळेपुरते सगळे शू कॅमने घट्ट आवळून ठेवा. पिस्टन कमी सरकतात, हवा लवकर निघते. झाल्यावर परत मोकळे करायला विसरू नका.

मंदउतार
उजवा लायनर तापून चकाकलाय तो तसाच ठेवलात तर ओढ पूर्ण जाणार नाही. घर्षण कमी झालेलं असतं, म्हणजे नळी बदलूनही गाडी थोडी डावीकडेच जाईल.

चढउतार
मंदउतार, अगदी तसंच झालं. तिन्ही पुढच्या नळ्या आणि मागची एक बदलली, नवं डॉट ४ भरलं. सोडल्यावर उजवीकडे जाणं पूर्ण थांबलं. तापमान आता पुढे डावा ४५, उजवा ४६. पण जोरात दाबल्यावर हलकी डावी ओढ शिल्लक आहे. लायनरवर सँडपेपर मारून भागेल का?

मंदउतार
वरचा थरच चकाकला असेल तर जाड सँडपेपरने, कोरडा न घासता ओला करून, चकाकी जाईपर्यंत घासून बघता येतं. पण बारीक तडे दिसत असतील किंवा कडा काळ्या पडल्या असतील तर थर आतपर्यंत जळलाय. मग पुढचे चारही शू नवे.

चढउतार
तडे आहेत. चारही शू नवे घेतले, खडूने गोलाई जुळवली, भंगार ड्रमला खिडक्या कापून टाचेला ०.००५ आणि वर ०.००८ इंच लावले. लॉक नट आवळताना एक पिन फिरलीच, परत मोजावं लागलं.

लोखंडकाम
आता लगेच कडक ब्रेक मारून बघू नका. ताशी ५० वरून १५ पर्यंत हलक्या दाबाने आणा, अर्धा-एक किलोमीटर गार होऊ द्या, असं वीसेक वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका, गरम लायनरचा ठसा ड्रमवर उमटतो. त्यानंतर शू बसतात आणि फट वाढते. २००-३०० किलोमीटरनंतर ड्रम गार असताना कॅम पुन्हा एकदा सेट करा. कॅमला हात लावायची वेळ ती.

चढउतार
वीस वेळा झालं. टू-व्हीलमध्ये, सपाट कोरड्या रस्त्यावर, स्टिअरिंगला नुसता हात टेकवून. गाडी सरळ थांबते. पुढचा डावा ७१, उजवा ७०. कॅमची तारीख लिहून ठेवली आहे.